गाडीची देखभाल आणि शरीरश्रमाचे व्रत

मोटारगाडीची ठरावीक मुदतीची देखभाल, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘सर्व्हिसिंग’, मालकाने स्वतःच्या अंगणात स्वतःच्या हाताने करणे हा वरकरणी पैशाचा आणि सवडीचा विषय आहे. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना धर्मविचार आहे. माणूस ज्या वस्तूचा उपभोग घेतो, तिची झीज भरून काढण्याचे आणि तिचा मळ काढण्याचे कष्ट त्याने स्वतः करावेत, की दाम मोजून ते दुसऱ्यावर सोपवले म्हणजे त्याचे देणे फिटते? वऱ्हाडात हा प्रश्न अधिक जवळचा ठरतो. दुसऱ्यांच्या गावातली घाण स्वतःच्या खराट्याने काढणारे गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, ‘ग्रामगीता’ लिहिणारे तुकडोजी महाराज त्याच जिल्ह्यातल्या यावलीचे, आणि शरीरश्रमाला व्रताचा दर्जा देणारे सेवाग्राम व पवनार वर्धा नदीपलीकडच्या लगतच्या जिल्ह्यात आहेत.

घरी होण्याजोग्या सर्व्हिसिंगची व्याप्ती मर्यादित आहे. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलणे, हवेचा फिल्टर झाडणे किंवा नवा बसवणे, कूलंटची पातळी पाहणे, बॅटरीची टोके साफ करणे, टायरमधली हवा तपासणे, वायपरची रबरे बदलणे, पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लग काढून पाहणे, एवढी कामे थोडी हत्यारे आणि थोडा धीर असलेल्या कोणालाही जमतात. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना तीन ते चार लिटर ऑइल लागते आणि साधारण १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते बदलायचे असते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन थोडे कोमट करतात, खालचा बोल्ट काढून काळे ऑइल भांड्यात घेतात, बोल्टला नवा वॉशर घालतात, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो हातानेच आवळतात, नवे ऑइल ओततात, इंजिन क्षणभर चालवून बंद करतात आणि डिपस्टिकवर पातळी पाहतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नसते. तिला भक्कम स्टँडचा आधार लागतो, आणि या नियमाला अपवाद नाही.

प्रदेश बदलला की या कामातले बारकावे बदलतात. अकोला आणि अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. या उन्हात कूलंट आणि बॅटरी यांच्याकडे झालेले दुर्लक्ष लवकर बाधते. कापसाच्या काळ्या जमिनीची धूळ पिठासारखी बारीक असते. शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा हवेचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपूर्वीच भरतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तर रेडिएटरचा उघड शत्रू आहे. तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले की क्षार आत बसतात, नळ्या अरुंद होतात आणि ॲल्युमिनियमला गंज धरतो. म्हणून क्षारविरहित पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे लागते, आणि बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच लागते. ज्या मातीत पिण्याच्या पाण्यासाठी माणसे पिढ्यान् पिढ्या झगडली, तिथल्या माणसाला पाण्याची पारख सांगावी लागत नाही. तीच पारख बोनेटखाली नेण्याचा प्रश्न असतो.

वाहनाची निगा आणि पूजा ही वऱ्हाडात मुळात एकच गोष्ट होती. श्रावण अमावास्येच्या पोळ्याआधी, आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून शेकतात. वर्षभर जू वाहून जिथे घट्टे पडले, कातडी सोलली, नेमकी तीच जागा हाताखाली येते. शेकणाऱ्याला जखम दिसते, सूज कळते, कोणता बैल खांदा आखडतो ते समजते. विधीच्या पोटात तपासणी आहे, आणि दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचे नाही हा नियमही त्याच समजुतीतून आलेला आहे. बंडीचे, म्हणजे बैलगाडीचेही तसेच होते. आखाला वंगण देणे हे गाडीवानाचे स्वतःचे काम. चाकाला लोखंडी धाव चढवणे, मोडलेला आरा बदलणे ही सुतार-लोहारांची कामे, ज्यांचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. रोजची निगा वापरणाऱ्याकडे आणि कसबाची दुरुस्ती कारागिराकडे अशी ही वाटणी होती. मोटार आल्यावर दोन्ही कामे गॅरेजकडे गेली आणि वापरणाऱ्याकडे फक्त पूजा उरली. दसऱ्याला गाडी धुतली जाते, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. या पूजेत श्रद्धा खरीच असते. पण हाराखालच्या यंत्रातले ऑइल काळे पडले आहे की नाही, हे पाहण्याचा प्रसंग या विधीत येत नाही. पोळा आणि दसरा यांच्यामधला हा फरक धर्मविचाराच्या दृष्टीने मोठा आहे. पहिल्या विधीत पूज्य वस्तूच्या दुखण्याला हात लागतो, दुसऱ्यात लागत नाही.

शरीरश्रमाच्या विचाराला भारतीय परंपरेत आधार शोधायचा तर बहुतेक जण गीतेच्या तिसऱ्या अध्यायाकडे जातात. देवांनी दिलेले भोग त्यांना काही परत न देता भोगणारा चोर होय, असे तिथे म्हटले आहे, आणि जगात फिरते ठेवलेले यज्ञाचे चक्र जो पुढे चालवत नाही त्याचे जगणे व्यर्थ ठरवले आहे. या यज्ञाचा अर्थ काय, यावर मतभेद आहेत. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोग आणि लोकसंग्रह यांवर भर दिला. गांधीजींनी मात्र त्या यज्ञात शरीरश्रम पाहिला. पोटासाठी प्रत्येकाने अंगमेहनत करावी, हा विचार त्यांना टॉलस्टॉयकडून मिळाला होता आणि टॉलस्टॉयला तो बोंडारेव्ह नावाच्या रशियन शेतकऱ्याकडून. १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी व्रतांचे विवेचन केले आणि शरीरश्रमाला सत्य, अहिंसा, अस्तेय यांच्या पंगतीला बसवले. अस्तेयाशी त्याचा संबंध थेट आहे. जो श्रम करत नाही आणि भोगतो, तो दुसऱ्याच्या श्रमातला वाटा घेतो, असा हा तर्क आहे. विनोबांनी हा तर्क आचरून पाहिला. पवनारजवळच्या सुरगावात ते फावडे घेऊन नेमाने मैलासफाईला जात.

मोटारगाडीला हा तर्क लावला की एक अडचण पुढे येते. गांधीजींच्या मांडणीतले श्रम अन्न, वस्त्र आणि स्वच्छता या सर्वांच्या गरजांशी बांधलेले होते, तर खासगी गाडी ही सर्वांची गरज नाही. एखाद्याने चैनीच्या वस्तूची निगा स्वतः राखली, तर त्याला व्रत म्हणता येईल का? याचे उत्तर गाडी कशासाठी वापरली जाते यावर काही अंशी अवलंबून आहे. अंजनगाव किंवा बाळापूरच्या शेतकऱ्याचा माल नेणारा छोटा टेंपो आणि शहरातल्या घरासमोर झाकून ठेवलेली तिसरी गाडी यांना एका मापाने मोजता येत नाही. तरीही वस्तू घेतल्यानंतरचा प्रश्न उरतोच. अपरिग्रहाचा अर्थ वस्तू कमीत कमी बाळगणे असा असेल, तर असलेली वस्तू जास्तीत जास्त टिकवणे हाही त्याचाच भाग ठरतो. वेळेवर ऑइल बदललेले इंजिन वर्षानुवर्षे चालते. दुर्लक्षित इंजिन लवकर मोडीत जाते आणि त्याच्या जागी नवे पोलाद, नवे रबर, नवे प्लॅस्टिक खपते.

यावर विरक्तीच्या बाजूने आक्षेप येतो, आणि तोही याच भूमीतला आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंचे आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’चे गाव. महानुभावांच्या संन्यासधर्मात वस्तूंशी, गावाशी, नात्यांशी जडलेला संबंध हेच बंधन मानले जाते. या नजरेतून पाहिले तर रविवारची सकाळ गाडीखाली घालवणारा माणूस आसक्तीच वाढवतो आहे. आक्षेप गंभीर आहे आणि काही बाबतींत खराही आहे. गाडीच्या रंगावरचा ओरखडा ज्याला रात्रभर झोपू देत नाही, त्याची निगा ही सेवा नसते. पण हा आक्षेप संन्याशाच्या तोंडी शोभतो, कारण त्याने वस्तूच सोडलेली असते. ज्याने गाडी ठेवली आणि तिच्याकडे पाहणे तेवढे सोडले, त्याने विरक्ती साधलेली नसते. त्याच्या गुळगुळीत टायरचा धोका रस्त्यावरच्या सायकलस्वाराला सोसावा लागतो आणि त्याच्या धुराचा त्रास मागून येणाऱ्याला. हे अमरावती-अकोला रस्त्यावर विशेष लागू पडते. जून २०२२ मध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून विश्वविक्रम नोंदवला गेला. रस्ता सुधारला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की टायर व ब्रेक यांच्या स्थितीला नैतिक वजन येते.

गाडगेबाबांचे उदाहरण या चर्चेत सर्वांत जास्त कामाचे आहे, कारण त्यांनी श्रमाचे तत्त्वज्ञान सांगण्याआधी श्रम केले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात जन्मलेला हा माणूस गावात शिरताच खराटा चालवू लागे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारी. अस्वच्छता, अंधश्रद्धा, कर्ज काढून केलेले सण हे त्यांच्या कीर्तनाचे विषय. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या आचरणाने एक गोष्ट ठसवली: घाणीला हात लावल्याने हात हलका होत नाही. गाडीच्या संदर्भात ही गोष्ट अजून पुरती रुजलेली नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी म्हणून जाणारे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक तिथे झाडू मारतात, भक्तांची पादत्राणे सांभाळतात, आणि त्यात त्यांना धन्यता वाटते. ती धन्यता खोटी नाही. मात्र त्यांच्यापैकी कोणी घरासमोर ऑइलने माखलेले हात घेऊन बसला, तर शेजाऱ्याला त्याच्याकडे मिस्त्रीला द्यायचे पैसे नाहीत असे वाटते. देवळातली सेवा पुण्याची आणि घरचे हातकाम कमीपणाचे, ही विभागणी मोडल्याशिवाय शरीरश्रमाचे व्रत देवळाच्या ओट्यावरून खाली उतरत नाही. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांपैकी एक श्रमसंपत्तीला दिला. श्रमाला त्यांनी संपत्ती मानले, आणि घरचे हातकाम त्या संपत्तीत मोडतेच.

श्रमाच्या गौरवाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवली, आणि ती न पाहता हा विचार अपुरा राहतो. १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली वाटणी आहे, हे दाखवले. मळकट काम ज्याच्या जन्माला चिकटवले गेले, त्याला त्या कामाचे पावित्र्य ऐकवणे म्हणजे अन्यायाला गोड नाव देणे होय. म्हणून मोटारमालकाने आठवड्याच्या सुट्टीत हात काळे करणे आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या पोराने गॅरेजात रोज हात काळे करणे यांना एकच श्रम म्हणता येत नाही. पहिल्याला ते केव्हाही थांबवता येते. स्वेच्छेने केलेल्या श्रमाचे मोल एवढेच की करणाऱ्याला त्या कामातली अक्कल आणि त्रास दोन्ही कळतात. गाडीखाली उताणे पडून, डोळ्यांत माती पडत असताना घट्ट बसलेला बोल्ट सोडवून पाहिलेला माणूस पुढे मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करायला कचरतो. हा परिणाम लहान नाही.

मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्नही यातच येतो. प्रत्येकाने ऑइल घरीच बदलले तर गल्लीतल्या गॅरेजचे काय? ज्या दिवशी शहाणा मालक सर्व कामे स्वतः करू लागेल त्या दिवशी कारागीर उपाशी मरेल, ही भीती बलुतेदारीच्या जुन्या वाटणीकडे पाहिले की कमी होते. आखाला वंगण देणारा गाडीवान असतानाही सुताराचे काम कधी थांबले नाही. उलट, जो रोज वंगण देत होता त्यालाच आख कुठे झिजला हे आधी कळे आणि तो वेळेत सुताराकडे जाई. आजही क्लच, सस्पेन्शन, इंधनाची व्यवस्था, गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही कामे कसबाचीच आहेत. घरी देखभाल करणारा मालक मिस्त्रीकडे कमी वेळा जातो, पण नेमकी तक्रार घेऊन जातो, आणि चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक हवे असते.

या हातकामाला इथेच अहिंसेची मर्यादा आखावी लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि घाटातल्या उतारावर ब्रेक ऐन वेळी दगा देऊ शकतो. चिखलदऱ्याचा रस्ता उतरणाऱ्याला हे विसरून चालत नाही. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते आणि बदलताना नळीत हवा राहून चालत नाही. ज्याने हे काम शिकून घेतलेले नाही त्याने ते स्वावलंबनाच्या नावाखाली करू नये, कारण चुकीची किंमत त्याच्यासोबत मागे बसलेली मुले आणि समोरून येणारे अनोळखी लोक मोजतात. स्टिअरिंग आणि एअरबॅग यांनाही हाच नियम. आपल्याला काय येत नाही हे ओळखून काम योग्य हाती देणे हे शरीरश्रमाच्या व्रताशी विसंगत नाही.

न येण्याचे कारण मात्र दर वेळी मालकाचा आळस नसते. माहिती आणि सुटे भाग मुद्दाम बंद ठेवले गेले, तर स्वावलंबनाचा उपदेश पोकळ ठरतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यातला मुख्य आरोप होता. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे. हा कायद्याचा विषय तर आहेच, पण त्यात मालकीच्या अर्थाचाही प्रश्न आहे. जी वस्तू उघडून पाहण्याची मुभा नाही आणि जिची रचना सांगितली जात नाही, तिचा मालक हा खऱ्या अर्थाने भाडेकरूच राहतो. रॉबर्ट पिर्सिगने १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’मध्ये यंत्राकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाच्या मनाचा बारकाईने शोध घेतला. यंत्र समजून घेण्याला त्याने ध्यानाच्या जवळ नेले. वऱ्हाडी शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. त्याचा नांगर, त्याचा पंप, त्याचा ट्रॅक्टर तो बऱ्याच अंशी स्वतःच जाणतो. यंत्राविषयीचे परकेपण शहराकडे सरकताना वाढते.

सर्वांत कठीण कसोटी सर्व्हिसिंग संपल्यावर लागते. भांड्यात तीन-चार लिटर काळे, जळके ऑइल उरलेले असते. त्यात धातूचे बारीक कण आणि ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये असतात. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले ऑइल पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. तरीही ते नालीत ओतले जाते, कुंपणाच्या खांबांना आणि दारांना वाळवी लागू नये म्हणून फासले जाते, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडले जाते. पावसाळ्यात त्यातला बराच भाग काळ्या मातीत आणि पुढे ओढ्या-नाल्यांतून पेढी, मोर्णा, पूर्णा यांच्याकडे जातो. ज्या खोऱ्यात गोडे पाणी आधीच दुर्मीळ, तिथे ही हानी दुप्पट होते. घर झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटणे गाडगेबाबांच्या लेखी सफाई नव्हती. गॅरेजात हा मळ निदान एका जागी साठतो आणि भंगारवाल्यामार्फत पुढे जाऊ शकतो. घरी मात्र तो शंभर अंगणांत विखुरतो. म्हणून स्वतः ऑइल बदलणाऱ्याची जबाबदारी गॅरेजपेक्षा कमी होत नाही, वाढते.

काम अवघड नाही. जुने ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या झालेल्या डब्यातच भरावे, त्यात पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नये, फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्यावा, डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि अधिकृत संकलकाला ऑइल देणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यावा. मालकाने एवढे केले तरी शेवटचा टप्पा त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. अमरावती आणि अकोल्यात ऑइलचा नवा डबा विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने जुना परत घेण्याची सोय दुकानातच ठेवावी, आणि दोन्ही महापालिकांनी तशी सक्ती करावी.